नंबर चारशे बारा

दिल्लीच्या सरोजिनी नगर मार्केटात, भाजीवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, एक दुमजली इमारत आहे. आज तिथे जीन्स विकतात. बाहेर स्टुलावर उभा राहून एक जण 'आ जाओ दीदी, एक्सपोर्ट का माल' म्हणून दिवसभर घसा फोडत असतो. मी तिथून गेले की खाली पायरीकडे बघते. लाल दगडाची पायरी, मधोमध खोलगट झालेली. ती जीन्समुळे झिजलेली नाही. चाळीसएक वर्षं आजारी माणसं आणि त्यांच्या आया तिच्यावर ताटकळल्या म्हणून झिजली, आणि त्यातली कितीतरी वर्षं माझ्या चपला तिथे होत्या. तेव्हा या इमारतीचा इतिहास सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. कोणाला पटत नसेल तर त्यांनी आपला वेगळा लिहावा.

इथल्या सरकारी क्वार्टर्स बांधल्या तेव्हाच हे मार्केटही बांधलं. खाली दुकान, वर राहायची खोली, असा सगळ्यांचा एकच साचा. फाळणीनंतर रावळपिंडीहून आलेल्या एका लालाजींना हे दुकान मिळालं. तिकडे त्यांचं औषधांचं मोठं दुकान होतं म्हणे. इकडे आले ते काचेच्या पेटीतला एक पितळी तराजू आणि एक कंपाउंडर एवढंच घेऊन. त्या कंपाउंडरना सगळं मार्केट बाउजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. लालाजी पुढे गल्ल्यावर, बाउजी मागच्या अंधाऱ्या खोलीत. तिथल्या झरोक्याची काच काळी होती. युद्धाच्या वेळी ब्लॅकआउटसाठी रंगवली, ती कोणी कधी खरवडलीच नाही. वरच्या खोलीत लालाजी राहिले नाहीत, ती त्यांनी लहान मुलांच्या एका डॉक्टरांना दिली. आतूनच जिना होता. डॉक्टर वरून हाक मारायचे, 'बाउजी!', आणि खालून आवाज यायचा, 'हांजी!' औषधाचं काय ते त्या जिन्यावरच ठरायचं.

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मला या सगळ्याची गंमत वाटायची. यांची केंद्र सरकारात नोकरी, मिळाली ती टाइप टू क्वार्टर, आणि खोकला झाला की हे दुकान. गंमत संपली ती लेक अडीच वर्षांची असताना. ताप नाही, काही नाही. दुपारी वरणभात भरवत होते आणि घास तोंडात असताना तिचे डोळे वर गेले. हात-पाय ताठ. मी घास बोटाने काढला, तिला उचललं आणि अनवाणी धावत सुटले. मे महिन्यातला दिल्लीचा रस्ता, पण पाय भाजले हे मला संध्याकाळी कळलं. त्या पायरीवर उभी राहून मी मराठीतच ओरडले, 'अहो, कोणीतरी या हो!' बाउजी हातातला खल तसाच घेऊन बाहेर आले.

पुढच्या पाच महिन्यांत चार वेळा तसं झालं. मग औषध लागू पडलं. गोळी मोठ्या माणसाची, ती एवढ्याशा पोरीला अख्खी कशी द्यायची? बाउजी गोळ्या खलायचे, पितळी तराजूवर तोलायचे, आणि एकेक डोस पांढऱ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. रोज रात्री आठ वाजता एक पुडी, मधातून. कडूजहर औषध. लेक तोंड फिरवायची, मी तिचे गाल धरायचे, हे तिचे पाय धरायचे. आठ म्हणजे आठ. पाहुणे असोत, लग्न असो, पुण्याची रेल्वे असो, मी घड्याळाकडे बघत असायचे.

त्या दुकानाची एक रीत होती. पहिल्यांदा डॉक्टरांची चिठ्ठी दिली की बाउजी ती मोठ्या वहीत उतरवून घ्यायचे आणि तिला नंबर द्यायचे. पुढच्या वेळी चिठ्ठी लागायची नाही. नुसता नंबर सांगायचा. अख्ख्या कॉलनीला आपापले नंबर पाठ होते. आमचा चारशे बारा. चिठ्ठी घडीवर फाटून तिचे चार तुकडे झाले तेव्हा मी ती दाखवायला नेली, तर बाउजी म्हणाले, 'छड्डो जी, परची का क्या करना, नंबर है ना!' मी घरी येऊन ते तुकडे केराच्या डब्यात टाकले. स्वतःच्या हाताने टाकले. हे लिहिताना आत्तासुद्धा मला माझी चीड येते.

तीन वर्षं एकही फिट आली नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता औषध हळूहळू कमी करून बंद करू. मी आधी ऐकून घेतलं. मग जे सुटले! तुमची मुलगी असती तर केलं असतं का असं? रस्त्यात पडली तर तुम्ही येणार आहात का उचलायला? आवाज इतका चढला की जिन्यावर थांबलेल्या बायका आत डोकवायला लागल्या. हे माझा पदर ओढत होते, 'अगं, हळू जरा.' हळू कसली! डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, 'अच्छा, अच्छा. चलने दो.' मी जिंकल्यासारखी खाली उतरले आणि ठसक्यात सांगितलं, 'बाउजी, चार सौ बारह.'

त्याच हिवाळ्यात एकदा घरातला मध संपला. लेक म्हणाली, 'आई, राहू दे. आता कडवी नाही लागत.' दिल्लीत वाढलेली पोर, कडूला कडवीच म्हणणार. मी यांना कौतुकाने म्हटलं, 'बघा, किती समजूतदार झाली माझी बाई!' पुढे पुढे ती आठ वाजले की स्वतःच तोंड वर करून, डोळे मिटून समोर उभी राहायला लागली.

मग बघता बघता मार्केट बदललं. आधी फुटपाथवर चादर टाकून कोणीतरी परदेशी पाठवायचे उरलेले टी-शर्ट विकायला बसला. मग शेजारचा लोखंडी सामानवाला गेला आणि तिथे कपडे आले. पिठाची गिरणी गेली, कपडे आले. टीव्हीवर रोज नवनव्या कंपन्यांच्या जाहिराती, आणि इकडे दर महिन्याला एक शटर उघडलं की आत हँगरच हँगर. कपड्यांच्या ढिगावरून उडी मारून पायरी गाठावी लागायची. वरचे डॉक्टर झोपेतच गेले. खोलीला कुलूप लागलं, आणि बाउजी वरून हाक येणार नाही हे माहीत असूनही मधूनच जिन्याकडे बघायचे. मग लालाजी गेले. त्यांच्या मुलांना औषधांत रस नव्हता, त्यांची नजर गुडगावच्या नव्या इमारतींवर होती.

नजर आमचीही हलली होती. कर्ज काढून आम्ही यमुनेपलीकडे, नोएडात, सोसायटीत फ्लॅट घेतला. लिफ्ट होती, वीज बहुतेक वेळा नसायची. पण स्वतःचं घर! हे महिन्यातून एकदा ऑफिस सुटल्यावर सरोजिनी नगरला उतरायचे, 'चार सौ बारह' म्हणायचे आणि तीस पुड्या घेऊन यायचे. दुसरा डॉक्टर शोधू या, असं हे दोनदा म्हणाले. मी म्हटलं, नीट चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?

एका शनिवारी हे रिकाम्या हाताने आले.

'दुकान बंद झालंय गं,' दारातच म्हणाले. 'पाटी उतरवलीय. आत तोडफोड चाललीय.'

'आणि बाउजी?'

'कोणाला माहीत नाही.'

मी पुड्यांचा डबा उघडला. दोन पुड्या. शनिवारची आणि रविवारची. दोन दिवस आधी जाऊन या म्हणून मी यांना कितीदा सांगितलं असेल! यांचं आपलं उद्या जातो, परवा जातो. त्या संध्याकाळी मी यांना जे बोलले ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'होईल गं काहीतरी.' या वाक्यावर माझा संसारभर राग आहे.

रविवारी सकाळी आमच्या सेक्टरच्या मार्केटात गेलो. काचेचं दार, आत एसी, आणि शेजारीच तरुण डॉक्टर, टेबलावर कॉम्प्युटर. त्यांनी विचारलं, मुलीला औषध कोणतं चालू आहे?

'चारशे बारा,' मी म्हटलं.

'मतलब?'

मतलब सांगताना माझा आवाज लहान लहान होत गेला. पाच वर्षांच्या वर मुलीला रोज एक पावडर देते आणि तिच्यात काय आहे, किती आहे, आईला माहीत नाही. त्यांनी पुडी उघडली, पावडर बोटावर घेतली, वास घेतला, आणि मान हलवली. बघून कसं सांगणार? पुढे जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. हे औषध एकदम थांबलं तर फिट येऊ शकते, आणि जोरात येऊ शकते. पहिलं किती चालू होतं हे कळल्याशिवाय दुसरं अंदाजाने देणं बरं नाही. 'कल शाम तक पता कीजिए. नहीं मिला तो सीधे अस्पताल में दिखाइए.'

त्या रात्री आठ वाजता शेवटची पुडी दिली. कागदाला चिकटलेले कणसुद्धा बोटाने पुसून तिच्या जिभेवर ठेवले.

सोमवारी हे रजा टाकून लेकीजवळ थांबले. शाळेत पाठवायची छातीच नव्हती. मी दोन बस बदलून सरोजिनी नगरला उतरले आणि उभीच्या उभी थिजले. सगळी शटर खाली. सोमवार! सोमवारी हे मार्केट बंद असतं. अकरा वर्षं मी इथे राहिले, सोमवारी भाजीसुद्धा मिळायची नाही म्हणून रविवारी दुप्पट घ्यायचे, आणि तेच विसरले. माझं डोकंच ताळ्यावर नव्हतं.

पण आमचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत शिरले. सागवानी कपाटं तोडून भिंतीला लावली होती. काउंटरचा संगमरवर जमिनीवर, दोन तुकडे होऊन. मागच्या खोलीतला खलायचा ओटा फोडायला दोन कामगार लागले होते आणि काळ्या काचेच्या झरोक्याला भोक पडून आतल्या धुळीवर ऊन पडलं होतं. इतक्या वर्षांत त्या खोलीत ऊन मी पहिल्यांदाच बघितलं.

'आंटी, आज मंडे है,' जीन्स घातलेला एक पोरगेलासा माणूस म्हणाला. तो नवा मालक. आंटी! छत्तीस वर्षांची होते मी.

'यहाँ मोटे मोटे रजिस्टर थे. वो कहाँ हैं?'

'जो भी काग़ज़ था, सब रद्दी में गया.'

मग मी ओरडले. एका लहान मुलीचा जीव त्या वह्यांत आहे, रद्दी म्हणता? कोणता रद्दीवाला? कधी गेला? चला माझ्याबरोबर, आत्ता! कामगारांनी हातोडे थांबवले. तो बिचारा हात जोडायला लागला. 'आंटी, आंटी, सुनिए तो! बुड्ढे के रजिस्टर नहीं, वो तो अपने आप ले गया. टेम्पो में. एक पर्ची छोड़ गया है, कोई पुराना मरीज़ आए तो देने को.' त्याने पाकिटातून एक कागद काढला. बाउजींचं तिरपं अक्षर आणि खाली फरीदाबादचा पत्ता. हे आधी सांगायला काय झालं होतं याला! पण भांडत बसायला वेळ नव्हता. साडेअकरा वाजले होते.

आश्रम नावाच्या चौकातून फरीदाबादची बस मिळाली. बदरपूरला ती ट्रकच्या रांगेत अडकली आणि अडकूनच राहिली. मी घड्याळ बघत होते आणि मनात उलटं मोजत होते. अडीच, म्हणजे साडेपाच तास उरले. मधे एका पीसीओवरून सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला. हे धावत आले. 'बरी आहे. चित्र काढतेय.' मी म्हटलं, 'नजर हलवू नका तिच्यावरून,' आणि फोन आपटला.

गच्चीवरची खोली होती, मुलाच्या घराची. बाउजी खाटेवर बसून मटार सोलत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी. मी 'बाउजी' म्हटलं आणि त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

'चार सौ बारह,' ते म्हणाले.

एवढं ऐकून मी मटकन खालीच बसले आणि रडायला लागले. त्यांनी पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून म्हटलं, 'पहले रजिस्टर. आज की पुड़िया नहीं है मेरे पास. आठ बजे देनी है.'

खाटेखाली वह्या रचून ठेवल्या होत्या, जुन्या धोतरात बांधून. शेजारी काचेच्या पेटीत तो तराजू. त्यांनी हवी ती वही बोटांनीच ओळखली, पान काढलं, आणि वाचलं नाही. नुसते बघत बसले.

'बाउजी, पढ़िए ना.'

'बेटी, तू पहले पानी पी ले.'

'पढ़िए!'

त्यांनी वाचलं. औषधाचं नाव, वजन. त्याच्याखाली वेगळ्या शाईत एक ओळ, वजन कमी. त्याखाली दुसरी, आणखी कमी. अशा पाच ओळी. सहाव्या ओळीत औषधाचं नावच नव्हतं. तिथे बाउजींच्या अक्षरात दोन शब्द होते.

'ये क्या है?'

'दूध की चीनी,' ते म्हणाले. 'पुड़िया भरने के काम आती है.'

मला कळेना. मग कळलं. 'कब से?'

त्यांनी महिने मोजले. 'उन्नीस महीने.'

एकोणीस महिने माझी लेक औषधाशिवाय होती. पोहायला गेली होती ती या काळात. झाडावर चढली होती. गच्चीच्या कठड्यावर वाकून तिने पतंग उडवले होते. मी उठून उभी राहिले आणि त्या म्हाताऱ्या माणसाला, ज्याने माझ्या पोरीला उचलून वर नेलं होतं, वाट्टेल ते बोलले. खोटारडे म्हटलं. काही झालं असतं तर? आईला सांगायचं नाही? आईला!

ते मटार सोलत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, 'अब सुनेगी तू?'

मी ग्लास खाली ठेवला.

'उस दिन तू लड़ के नीचे आई. तेरे जाने के बाद डॉक्टर साहब ने ऊपर से आवाज़ दी. मैं गया. बोले, बाउजी, बच्ची ठीक है. माँ को दो-एक साल और लगेंगे. धीरे-धीरे कम करते जाओ, पुड़िया बंद मत करना.' त्यांनी वही मिटली. 'फिर वो चले गए. मैं कितनी बार सोचा, आज बता दूँ. तू आती, सीढ़ी पे खड़ी होती, तेरी शकल देखता, और बाँध देता.'

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. आणि मग मी जे म्हटलं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, 'आज की एक बाँध दीजिए.'

ते हसले नाहीत. काही विचारलंही नाही. पेटी उघडली, तराजू उभा केला, एका बाटलीतून चमच्याच्या टोकाने पावडर घातली, थोडी काढली, पुन्हा थोडी घातली, काटा स्थिर होईपर्यंत थांबले. डोळ्यावर पट्टी असलेला माणूस साखर तोलत होता. मग पांढरा कागद, तीच घडी, आणि पुडी माझ्या तळहातावर.

घरी पोचले तेव्हा आठला दहा मिनिटं कमी होती. हे दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. 'मिळालं?' मी मान हलवली. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. तेवढं बोलायची ताकद नव्हती.

बरोबर आठला लेक वही टाकून आली. समोर उभी राहिली, डोळे मिटले, तोंड वर केलं. गळ्याची शीर उडताना दिसत होती. मी पुडी उघडली. थोडी पावडर तिच्या फ्रॉकवर सांडली. इतक्या वर्षांत मी ती एकदाही चाखून बघितली नव्हती. मी कागद माझ्याच तोंडात उलटा केला.

गोड होती.

'आई?' तिने एक डोळा उघडला. 'माझी पुडिया?'

'संपली,' मी म्हटलं. 'आता नाही लागणार.'

'बरं,' ती म्हणाली आणि पाढे लिहायला परत गेली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. सत्ताविसाचा पाढा होता. मी तिच्या पेन्सिलकडे बघत होते, आणि त्या पायरीवर अनवाणी उभी असतानासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती.